सर्च रिपोर्ट

रात्री साडेनऊला हिंजवडीत माझा दिवस उगवतो.
वाकडच्या पुलाखाली कॅब अर्धा तास उभी,
मांडीवर डबा धरून मी निघालेली असते
अमेरिकेतल्या घरांचे कागद वाचायला.

काम सोपं आहे. घर विकायचं तर
आधी कोणाचं होतं, त्याआधी कोणाचं,
शंभर वर्षं मागं जायचं,
बोजा आहे का बघायचं, रकाने भरायचे.
एका फाइलला अकरा मिनिटं.

ओहायो. लॉट सतरा. सन एकोणीसशे सव्वीस.
टाइपरायटरची उडालेली निळी अक्षरं:
कोंबड्या पाळू नयेत.
कुंपण चार फुटांहून उंच नको.
गोऱ्या वंशाखेरीज कोणीही इथे राहू नये,
घरातले नोकर वगळून.

कोंबड्यांच्या खालोखाल.
मी दोनदा वाचलं. अकराची चौदा मिनिटं झाली.
मागून शार्दूल सर म्हणाले, ते कलम मेलंय आता,
सोडायचं, पुढचं पान घे.

मेलंय खरं. पण त्याची पोरंबाळं आहेत.
ज्यांना घर मिळालं त्यांना घरावर कर्ज मिळालं,
कर्जावर मुलांची कॉलेजं, मुलांना पुन्हा घर.
बाकीच्यांच्या वस्तीभोवती
बँकेच्या नकाशावर कोणीतरी लाल शाई फिरवली.
ती शाई मला आजच्या किमतीत दिसते:
रुळांच्या अलीकडे तीन लाख डॉलर,
पलीकडे सत्तर हजार. घर तेच, खिडक्याही तेवढ्याच.

मागच्या महिन्यात कॅलिफोर्नियाची फाइल होती.
फळबागेच्या खरेदीखतावर वकिलाचं नाव,
समासात, बारीक, कोणी एक सिंग, कसणारा.
जमीन घ्यायची तर नागरिक होता आलं पाहिजे,
नागरिक व्हायचं तर गोरं असलं पाहिजे.
दोन कुलपं, एकाची किल्ली दुसऱ्याच्या आत.

हे कुलूप माझ्या ओळखीचं.

माझा आजा, तिम्मा विटकर,
चतुःशृंगीमागच्या खाणीत दगड फोडायचा.
सुतकी, पहार, छिन्नी, एवढाच त्याचा सातबारा.
जातीच्या दाखल्याला गेले तेव्हा खिडकीतून विचारलं,
एकसष्टच्या आधी इथे राहत होता, पुरावा?
मॅडम, एकसष्टच्या जुलैत पानशेत फुटलं.
नदीकाठची झोपडी गेली, पेटी गेली,
पेटीतले कागद कशाचे होते
तेही घरात कोणाला वाचता येत नव्हतं.
पूरग्रस्तांच्या वसाहतीचा पाया आज्यानंच भरला.
यादीत त्याचं नाव नव्हतं, कारण घरपट्टी नव्हती,
घरपट्टी नव्हती, कारण ते घर कोणी मोजलंच नव्हतं.
मी म्हटलं, पायाच्या दगडांवर
त्याच्या छिन्नीचे घाव आहेत अजून.
बाई म्हणाल्या, झेरॉक्स आणा.

आता मी चाळीस हजार कमावते
आणि भाड्यानं वन बीएचके शोधते.
कर्वेनगर. फोनवरचा आवाज गोड.
कंपनी कुठली? वा. एकट्याच? चालेल की.
आणि आडनाव?
विटकर म्हणजे... कुठले तुम्ही?
इथलेच.
तसं नाही हो, मूळचे?
बरं. हिला विचारून कळवतो.

त्याच बिल्डिंगमध्ये माझी मावशी
रोज सकाळी तीन घरची भांडी घासते.
तिला आडनाव कोणी विचारलेलं नाही.
घरातले नोकर वगळून.

काल पहाटे चारला पुन्हा तसंच पान आलं. मिशिगन.
शेवटचा रकाना, इतर शेरा, मी रोज मोकळा सोडते.
काल लिहिलं: कलम वाचले.
क्वालिटीवाल्यांनी फाइल परत पाठवली,
अनावश्यक मजकूर, चूक एक.

सकाळी कॅब सेनापती बापट रस्त्याला थांबते,
वडारवाडीच्या तोंडाशी. आत येत नाही.
मॅडम, मॅप इथंच संपतो, ड्रायव्हर म्हणतो.
पुढं गल्ली आहे, मी म्हणते.
आहे ना, तो म्हणतो, दिसतेय की,
पण दाखवत नाही.