सौजन्य : इंटरनेट

पान चारवर, अगदी तळाला, बाबा.
उघड्या अंगाने अंगणात बसलेले,
हात मनगटापर्यंत लाल,
मांडीशी सोलांनी भरलेलं सूप.
वर मथळा : मुलं परदेशी, म्हातारे एकाकी.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत
सौजन्य : इंटरनेट.

फोटो रितिशाने काढलेला, मे महिन्यात, माशेलला.
तिने लिहिलं होतं, आमचा आजो, भिरंडांचा राजा.
चौकटीच्या डाव्या कडेपासून हातभर अंतरावर
आम्ही अकराजण होतो.
पत्ते, भांडण, नीरफणसाच्या कापांचा तेलकट वास.
परदेशी म्हणावा असा एकच, उल्हास, स्विंडनहून आलेला,
आणि तोच हरत होता.

दुपारपर्यंत मडगावच्या मावशीचा फोन :
इतके जण असून त्याला असा टाकलात?
संध्याकाळी पोदेराने उंड्यांचे पैसे घेतले नाहीत.
ते जास्त लागलं.

पणजीच्या कचेरीत फोन केला.
मुलगा नम्र होता.
म्हणाला, मॅडम, फोटो पब्लिक होता,
आणि आम्ही तो
प्रतीकात्मक म्हणून वापरलाय.
मी दारातून बघितलं.
प्रतीकात्मक माणूस
काडीने कान कोरत होता.

आमचा फणस कुंपणाबाहेर वाढलाय,
निम्मी फळं रस्त्यावर लोंबतात.
तरी येणारा आधी हाक मारतो,
कोण आसा गे घरांत?
कोणी ओ दिली नाही तर
नेतोही एखादा, खोटं कशाला बोलू,
पण हाक मारून.

हे त्या मुलाला सांगायचं राहून गेलं.
त्याने तोवर
दुसऱ्या लाईनवर कोणीतरी आहे म्हणून
माझे आभार मानले होते.

रात्री बाबांनी भिंग मागितलं.
बातमी वाचली नाही.
स्वतःच्या फासळ्या तेवढ्या पाहिल्या,
एक एक, खालून वर,
मग पेपराची घडी घातली, होती तशीच.
‘विचारिल्लें जाल्यार,’ म्हणाले,
‘हांव खमीस तरी घालपाचो.’

मी म्हटलं, खुलासा छापायला लावू.
ते म्हणाले, आणि त्यात फोटो कुठला घालतील?

यंदाही भिरंडं फोडायला तेच बसतात.
भर उन्हात, गळ्यापर्यंत गुंड्या लावून.
हा डाग कापडावरून जात नाही,
साबणाने नाही, लिंबाने नाही.

तीन सदरे गेले.