निमेट्याचा माणूस

तिसरा फिल्टर रात्री सव्वादोनला गोठला.
जागृतीसिस्टरने मशीनचा ठणाणा बंद केला,
जाळीवर टॉर्च धरला. "काळा पडला.
आतलं लोही आता परत नाही देता येणार."
लोही म्हणाली ती.
रक्तापेक्षा तो शब्द मला ओला वाटला.

नाना, एकतीस वर्षं तुम्ही निमेट्याला
आजव्याचं पाणी वाळूतून गाळून
बडोद्याला पाजलंत.
जेवताना सांगायचात,
फिल्टर चोंदला तर त्याच्यावर चिडू नये,
उलटं पाणी सोडावं, गाळ आपसूक वर येतो.
इथे उलटं काही सोडत नाहीत.
नळ्या, जाळी, सगळं उतरवून लाल पिशवीत,
आणि त्यांच्याबरोबर
पेलाभर तुम्ही.

रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट.
सायट्रेट कॅल्शियम धरून ठेवतं,
म्हणून दुसऱ्या नळीतून कॅल्शियम.
सोमवारी तुमची बोटं चादरीवर थरथरली.
मला वाटलं, बोलावताय. हात धरला.
सिस्टरने रिपोर्ट पाहिला, पंपाचा आकडा वाढवला,
बोटं थांबली.
मी हात सोडला नाही.

अंगाबाहेर फिरून आलेलं रक्त गार होतं.
पस्तीस पॉइंट एक.
तुमच्यावर गरम हवेची गादी फुगलेली.
डॉक्टर अमीन म्हणाले, ताप आला तरी
या मशीनवर तो दिसेलच असं नाही.
ताप दिसला नाही की तुम्ही मला
शाळेत पिटाळायचात, आठवतंय?

आणि औषधंही जातात म्हणे वाहून.
सकाळचं अँटिबायोटिक, फॉस्फरस,
जे हवं तेसुद्धा.
मूत्रपिंडाला माणूस कळतो,
जाळीला फक्त भोकाचं माप.

चौथा फिल्टर लागला तसं प्रेशर कोसळलं.
चौऱ्यांशी. एकोणऐंशी.
कोणी पळालं नाही. सिस्टरने एक बटण
तीनदा दाबलं, आणि मग वाट पाहिली.
मीही पाहिली.
ब्याण्णव.

पाचच्या सुमाराला खालच्या गल्लीत
नळांना पाणी आलं.
बादल्यांचा आवाज वर येत होता.
पलंगाखाली लटकलेली पिशवी भरली होती,
फिकट पिवळी, आरपार.
तुम्ही असता तर बाटली उजेडात धरून
आधी गढूळपणा विचारला असता.

स्वच्छ आहे, नाना.
काय काय गेलंय त्यातून,
ते दिसत नाही.