उसनं

लंगडतो म्हणून फौजेनं नाकारलं,
तेव्हा पोंपों इथं आला, सीरमच्या तबेल्यात.
खांद्यावर गाडी ओढल्याचा जुना चट्टा.
डॉक्टरांच्या वहीत तो फक्त सत्तेचाळीस.

सहा महिने त्याला विष टोचलं.
आधी नखभर,
मग चमचाभर,
मग अख्खी पलटण आडवी होईल एवढं.
त्याची कातडी थरथरायची, एखादा दिवस तो दाण्याला तोंड लावायचा नाही,
आणि शिकायचा.

आता महिन्यातून एकदा मी त्याचं डोकं धरते.
मानेची शीर फुगते. नळी. काचेचा बुधला.
रात्रभरात रक्त खाली थिजतं
आणि वर पिवळं पाणी उरतं,
आपल्या सफरचंदाच्या दारूसारखं.

आन्सेल्म, त्यातलंच थोडं तुझ्या पोटात गेलं असेल.
तू लिहितोस, नवव्या दिवशी अंगभर गांधी उठल्या,
सांधे धरले, खाजवता खाजवता खिंकाळावंसं वाटलं.
मी हसले.
मग पुढची ओळ वाचली:
आता मला धनुर्वात कधीच होणार नाही.
'कधीच'खाली रेघ.

नाही रे.
माणूस उसनं अवसान आणतो ना, तसंच हे.
तुझ्या रक्तानं कमावलेलं नाही ते.
दोन-तीन आठवडे राहील, मग पाहुण्यासारखं निघून जाईल,
आणि जाताना काही शिकवून जाणार नाही.
पुन्हा तार लागली, नुसती ओरखडली तरी,
पुन्हा माग.
लाजू नकोस.

बाबांच्या वेळी मागायला काही नव्हतं.
लिदीच्या ढिगातला खिळा, टाचेत.
आठव्या दिवशी जबडा मिटला.
मग पाठ उचलली गेली, डोकं आणि टाचा तेवढ्या गादीला,
दोरी ओढणारा कोण ते दिसेना.
कडी वाजली तरी ते ताणले जायचे.
आपण घरात अनवाणी चालायचो, आठवतं?
तू माझ्या कडेवर होतास.

ती लीद आपल्याच घोड्यांची होती.
मी अजून तीच उपसते, रोज सकाळी,
आणि महिन्याला बुधला भरून देते.
एकाच जनावराच्या दोन टोकांना माझी नोकरी आहे.

आज त्याची पाळी होती. सहा लिटर.
नंतर तो माझ्या खिशात नाक खुपसून उभा राहिला,
गाजर कुठे असतं ते त्याला पक्कं ठाऊक.

टोचल्याची तारीख तू लिहिलीच नाहीस.
कळव.
मी इकडे दिवस मोजते आहे.

गिस्लेन