तोमेची मात्रा

बोट ऑर्ताहून सव्वाआठला सुटते,
म्हणजे डिस्क साडेसातला भरलेली हवी.
हे मी सगळ्यात वर लिहिलं,
टूनाच्या लिलावाच्या पावतीमागे,
बाकीचं सगळं घासाघीस करून ठरेल, बोट नाही.

तीन बेटं, तीन यंत्रं.
जोडकाम इथे फायालवर, झुल्मीराच्या मॅकवर.
आवाज समोर पिकूवर, अदलीनुकडे,
द्राक्षमळ्यामागच्या खोलीत, विंडोजवर.
"मला एवढंच येतं," म्हणतो आणि विषय मिटवतो.
रंग साँव झॉर्जवर, वाश्कुच्या लिनक्सवर;
ते यंत्र त्यानं स्वतः जुळवलंय
आणि त्याबद्दल त्याला काही विचारू नये,
रात्र जाते.

तर, नियम.
डिस्क तिघांकडेही उघडेल अशीच बांधायची.
मॅकपुरती बांधली की अदलीनुला कोरी दिसते,
मागे एकदा यंत्र त्याला म्हणालं, फॉरमॅट करू का?
नशीब, त्यानं हो म्हणायच्या आधी मला फोन केला.
सेकंदाचे तुकडे पंचवीस, सगळीकडे पंचवीस.
ड्रोनवाल्या पोरानं तीस केलेत.
त्याला मी काही बोलले नाही, त्याच्या आईला बोलले.
जड मूळ चित्रण कपाटात, हलक्या प्रती प्रवासाला.
तिरकी रेघ अदलीनुकडे उलटी झुकते,
म्हणून फायलीचा पत्ता कुणी हातानं लिहायचा नाही.
वाश्कुच्या यंत्राला मोठा टी आणि छोटा टी
वेगवेगळी माणसं वाटतात. सगळं छोटं लिहा.
काळा किती काळा, ते वाश्कु ठरवेल.
झुल्मीराच्या पडद्यावर समुद्र फिका दिसला
तरी समुद्राला हात लावायचा नाही.

गुरुवारी पहिली खेप गेली.
शुक्रवारी वाश्कुचा फोन:
"सगळं पोचलं. म्हातारा नाही."

सात चौकटी लाल. सातही तोमेच्या.
चाळीस वर्षं टेकडीवरच्या खोपटात दुर्बिणीला डोळा लावून बसलेला,
आधी शिकाऱ्यांसाठी, मग पर्यटकांसाठी,
देवमाशाचा फवारा दिसला की खाली कळवणारा.
मार्चमध्ये गेला. पुन्हा चित्रण करू, असं म्हणायची सोय नाही.

फायली डिस्कवर होत्या. मी मोजल्या होत्या.
रात्री दीडला उलगडलं.
त्याच्या नावाच्या शेवटच्या अक्षरावर एक बारीक फराटा आहे.
मॅकनं अक्षर वेगळं ठेवलं, फराटा वेगळा;
वाश्कुचं यंत्र दोघांना एकजीव धरून शोधत बसलं.
डोळ्यांना दोन्ही तेच. माझ्याही, झुल्मीराच्याही.
इतक्याशा काना-मात्रेसाठी माणूस हरवतो.

म्हणून आणखी एक नियम: नावांवर चिन्हं नकोत.
आणि मी त्याची मात्रा काढली.
तोमेचा तोम झाला.
आमच्याकडे तोम म्हणजे "घ्या".
सकाळी वाश्कुकडे सातही चौकटी उजळल्या,
एकाखाली एक:
घ्या एक, घ्या दोन, घ्या तीन.

रविवारी यूलालिया आली, त्याची बायको,
चर्चमधून थेट, बंद डब्यात चीज घेऊन.
तिनं चित्र पाहिलंच नाही, आधी बाजूची यादी वाचली.
"हे काय लिहिलंय?"
मी सांगत सुटले, यंत्रं, बेटं, बोट, अक्षरं,
ध चा मा करणारी मीच, हेही सांगितलं.
ती चष्मा पुसत राहिली.
मग म्हणाली, "बरोबरच आहे की.
वरून आयुष्यभर हेच तर सांगायचा.
तो बघा तिथे, घ्या.
स्वतः एकदाही होडीत बसला नाही.
त्याला बोट लागायची."

झुल्मीरा हसली आणि उठून बाहेर गेली.

"पण शेवटी, मोठ्या पडद्यावर,
नाव नीट येईल ना?"

पावतीवर आता जागा उरली नव्हती.
कडेला, लिलावाच्या शिक्क्यावरच लिहिलं:
श्रेयनामावलीचा टाइप तिन्हीकडे एकच.
तोमेची मात्रा प्रत्येक यंत्रावर
स्वतः जाऊन बघणे.
उद्या सव्वाआठ.