साडेपाच तास

माझं काम फक्त लिहून ठेवायचं.
कोण आलं, किती वाजता,
कुणी कुणाला हात लावला.
या डोंगरातल्या झिमझिमीत पेन चालत नाही,
म्हणून शिसपेन्सिल,
आणि वही पोटाशी, रेनकोटच्या आत.

पहाटे चार चाळीस.
व्हर्ना पेल्टिए, वय एकाहत्तर,
रस्त्यात पुरलेल्या लोखंडी नळीत
उजवा हात खांद्यापर्यंत घालून आडवी झाली.
आत एक गज आहे, मनगटाची साखळी त्याला अडकवायची.
नळीभोवती काँक्रीट.
"उशी दे गं," म्हणाली. एवढंच.

तिच्या मागे, दोन किलोमीटरवर, सीडर.
त्यांचं वय या वहीत नाही.
वलयं मोजायला आधी झाड पाडावं लागतं,
हे मला गिरणीतल्याच एका माणसाने सांगितलं,
सांगताना तो हसला नाही.

खोऱ्याचं जुनं नाव माझ्या जिभेला वळत नाही.
ज्यांनी ते ठेवलं त्यांच्यातला लेरॉय
रोज सकाळी येतो,
रस्त्याच्या कडेला उभा राहून एकदाच मोठ्याने उच्चारतो,
मग थर्मासमधली कॉफी सगळ्यांना देतो.
पोलिसांनाही.

सात दहा. पाच ट्रक, एक यंत्र.
पहिल्या ट्रकची काच खाली झाली:
"व्हर्ना, माझ्या घराचा हप्ता तू भरणारेस का?"
"नाही रे, डेल. मला नाही जमायचं."
जसंच्या तसं लिहिलं.
त्यापुढे कुणालाच काही सुचलं नाही,
वायपर तेवढे हलत राहिले.

अठ्ठावीस वर्षं तिने शाळेची पिवळी बस चालवली.
शाळा लाकडाच्या पैशावरची, बसही.
डेल तिसऱ्या बाकावर, खिडकीशी.
आणि आज तिला अटक करायला आलेला ब्रॉडी
अगदी पुढे, तिच्या पाठीमागे,
कारण त्याला बस लागायची.

नऊच्या सुमारास ब्रॉडी गुडघ्यांवर बसून
कोर्टाचा मनाई हुकूम वाचत होता, कलमासकट,
तेव्हा तिच्या नाकाला खाज सुटली.
डावा हात अंगाखाली आलेला.
"ब्रॉडी. नाक."
त्याने मागे बघितलं. साहेब फोनवर.
हातमोजा काढला, खाजवलं.
"थोडं वर."
थोडं वर.
असल्या गोष्टींना माझ्या वहीत रकाना नाही.
समासात लिहिलं.

मग ड्रिल आलं.
तिच्या डोळ्यांवर गॉगल त्यांनीच चढवला,
कानांत कापूसही त्यांनीच घातला.
काँक्रीट फुटू लागलं तसा रस्ता थरथरला
आणि मला वाटलं, ही थरथर तिच्या हाडांतून
खाली कुठेतरी मुळांपर्यंत
नाही. हे खोडलं.
माझं काम वेळ लिहायचं.

दहा दहा. हात मोकळा.
बोटं पांढरीफटक, पिठात घातल्यासारखी.
ती त्यांच्याकडे बघत राहिली,
दुसऱ्या कुणाची असावीत तशी.

साडेपाच तास.
त्यातले यंत्र थांबून होतं तीनच.
आकडा छोटा आहे.
मी तो मोठा करून लिहिला नाही.

पोलिसांची गाडी वळणावरून खाली उतरताना दिसली.
ती मागच्या सीटवर, चालवतोय ब्रॉडी.
ओढ्याच्या पुलाआधी एक खड्डा आहे,
जुना, कुणीच न बुजवलेला.
गाडी तिथे हळू झाली,
इतकी हळू, की मागे बसलेल्या एखाद्या पोराच्या
पोटातलं पाणीही हललं नसतं.

दहा बेचाळीस. पहिला ट्रक वर गेला.
डेलने खिडकी बंद ठेवली होती.
लेरॉयने थर्मास उलटा केला, दोन थेंब पडले.
"उद्या कोण?"
मी वेळ लिहिली,
वही मिटली,
आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली.