बत्ताशीचा पौष

नाव बत्ताशी, आणि साखर वर्ज्य.
डॉक्टर इनामदारबाईंनी हे सांगितलं तेव्हा
बाळाराम हसला होता. त्यालाही वर्ज्यच.
दोघांच्या गोळ्या मी एकाच डब्यात ठेवायचे,
तिची दुधीच्या फोडीत खुपसून,
त्याची नुसती हातावर.

सत्तावीस वर्षांची ठेंगणी घोडी.
उपवनच्या तळ्याकाठी जी पोरं हिनं पाठीवर फिरवली
त्यांची पोरं आता कोलशेतच्या टॉवरमधून,
चौदाव्या मजल्यावरून हिला हात करतात.

मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते म्हणे,
अंगाला महिना कुठला ते सांगणारी.
हिची बिघडली.
बाहेर वैशाख, डांबर चपलेला चिकटतंय,
आणि हिच्या अंगावर पौष:
बोटभर लांब, कुरळे, घामानं थिजलेले केस.

पहिली दोन वर्षं गोळीनं ऐकलं.
केस झडले, पोट आत गेलं,
रात्रीला एक बादली पुरायची.
मग पाव वाढवली. मग अर्धी.
दीड गोळीवर तिनं गवतावरून तोंड फिरवलं,
तीन दिवस नुसती भिंत बघत राहिली.
बाई म्हणाल्या, कमी करा.
मग थोडं थांबून, गोळीचं काम संपत आलंय.
उरलेलं तुमचं.

म्हणजे माझं.
गवत तासभर भिजवायचं, गोडवा पाण्यात उतरतो,
ते पाणी अळूला.
गूळ नाही, गाजर नाही,
शेजारची मुग्धा चतुर्थीचा मोदक घेऊन आली
तर दारातूनच परत.
पायांखाली भुशाची जाड गादी.
आणि सकाळी, चहाच्या आधी, बसकण मारून
खुराच्या वर, मागच्या बाजूला, दोन बोटं.
नाडी उडत असेल तर खूर तापलाय.
तापला असेल तर बर्फ,
मासळीवाल्या कमळीकडचा,
बोंबलांचा वास असलेला.

केसांचं अशफाक सलमानीनं केलं.
सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा आला मशीन घेऊन.
दोन ब्लेडं बोथट झाली.
मजुरी घेतली नाही, ब्लेडचे तेवढे घेतले.
म्हणाला, काकी, एवढं निमूट गिऱ्हाईक माणसांत नसतं.
केसांखालून निघाली ती हाडं,
दोरीवर ओलं घोंगडं टाकावं तशी पाठ.
डोळ्यांवरचे खळगे मात्र चरबीनं फुगलेले,
रात्रभर कुणी रडवल्यासारखे.
मी नाही रडवलं.

या महिन्यात ती पुढचे पाय लांब टाकून
टाचांवर उभी राहते,
जमीन नव्हे, तवा असल्यासारखी.
चौदा दिवसांत नऊ दिवस.
कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी
माझ्या फुल्या आहेत.
बाईंनी त्या बोटानं मोजल्या.
म्हणाल्या, दिवस तुम्ही निवडा,
तिच्यावर सोडलात तर ती वाईटच निवडेल.

दिवस निवडा म्हणे. आणि जागा?
रस्त्याचं नाव घोडबंदर,
आणि एका घोडीला मातीत ठेवायला कोपरा नाही.
महापालिकेच्या खिडकीत विचारलं,
तिथल्या माणसानं कुत्र्याचा फॉर्म दिला.
‘कुत्रा’ खोडून वर ‘घोडी’ लिहा, म्हणाला.
मी तो घडी घालून गोळ्यांच्या डब्याखाली ठेवलाय.
अजून खोडलेलं नाही.

बाळाराम यातल्या कशावर बोलत नाही.
काल संध्याकाळी मात्र चपला घालून
खाडीकडच्या साइटवर गेला,
जेसीबीवाल्या सोमिनाथला विचारलं,
मशीन रिकामं कधी असतं.
एवढंच. कशासाठी ते नाही.
सोमिनाथ परभणीकडचा, घरी बैल होते त्याच्या.
त्यानंही विचारलं नाही.
म्हणाला, काका, अवसेला काम बंद.

परत आला, पाय धुतले,
माझ्या हातून ड्रम घेतला,
सकाळचं गवत भिजत घातलं,
वर फळी, फळीवर वीट.
मग माझ्याकडे न बघता विचारलं,
पाणी एकदा बदलायचं असतं की दोनदा?