दोन गाड्यांमधलं अंतर

आठवड्यातले दोनच दिवस मी आता कामाचा:
मंगळवार, आणि शुक्रवारी दुपारच्या चहापर्यंत.
बिबवेवाडीतल्या एका पतपेढीचं व्याज
अजून माझ्या ब्याण्णव सालच्या कोडावर चालतं.
त्यात एक ओळ आहे. तिच्याशेजारी मीच लिहून ठेवलंय,
'ही काढू नये. का, ते आठवत नाही.'
नवी मुलगी, मृण्मयी ढमढेरे, विचारते,
"सर, काढून बघू?"
मी म्हणतो, बघ. पण मी गावात असताना.

उरलेले पाच दिवस माझे.
एक लांबट वही आहे, वाण्याकडे उधारीची असते तसली.
तिच्यात देवळं नाहीत, किल्ले नाहीत.
पाळण्याची उंची, उताराचा कोन,
रांगेत गेलेली मिनिटं,
आणि शेवटच्या रकान्यात: पोटात गोळा आला का.
ओसाका, एकशे दहा मिनिटं. आला.
कोपनहेगन, लाकडी, माझ्या आजोबांच्या वयाची;
ब्रेकवाला माणूस गाडीतच बसतो.
त्याच्या पाठीमागे बसलो. आला.
आकुर्डी, बुधवार सकाळ, रांग शून्य.
तिथेही आला, खोटं कशाला बोलू.
धाकटी बहीण म्हणते, या वयात?
मी म्हणतो, फाटकावर उंचीची पट्टी असते,
वयाची नसते.

पहिली नोंद वहीत नाही, तेव्हा लिहिता येत नव्हतं.
पेशवे पार्क, फुलराणी, बाबांच्या मांडीवर.
मी विचारलं म्हणे, ही परत तिथंच का येते?
बाबा म्हणाले, म्हणून तर तिकीट स्वस्त.
पुढे चाळीस वर्षं
लूप लिहिताना बाहेर पडायची अट आधी लिहिली,
ती या उत्तराच्या धसक्यानं.

तर परवा. कात्रजचा बोगदा ओलांडून
खेड शिवापूरच्या अंगाला नवी बाग झालीये, तिथं.
गाडी चढावर, टोकाला दोन हात उरले,
आणि साखळीची खटखट थांबली.
फोन लॉकरात ठेवायचे असतात.
सगळ्यांचे खिशात होते.
पुढचा मुलगा घरी सांगत होता,
"आई, मी वर अडकलोय... अगं नाही,
वर म्हणजे तसं वर नाही!"

खाली टोलनाक्याची रांग दिसत होती.
बागेची मागची बाजू दिसत होती:
गॅसच्या टाक्या, वाळत घातलेली टेबलपुसणी,
आणि हत्तीचं डोकं बादलीवर उलटं ठेवून
आतला माणूस निवांत भजी खात बसलेला.

लोक शिव्या देत होते. मी गप्प,
खरं सांगायचं तर खूश.
पुढच्या टप्प्यात दुसरी गाडी असेल,
किंवा नसेलही, आणि सेन्सरला नुसतीच शंका.
शंका आली तर थांब:
एवढंच कुणीतरी, कुठल्यातरी रात्री,
चहावर साय धरेपर्यंत बसून लिहिलं होतं,
आणि ते आज चाललं.
असलं कोड चाललं की कुणी टाळ्या वाजवत नाही.
मी वाजवल्या. शेजारची बाई थोडी सरकून बसली.

कडेच्या पायऱ्यांनी नवनाथ चोरघे वर आला,
घामेघूम, कमरेला चाव्यांचा जुडगा.
"काका, बरे आहात ना?"
मी म्हटलं, पॅनलवर काय आलंय?
"नुसतं 'थांबा' आलं, साहेब.
का, ते नाही सांगत ते."

ते ऐकलं आणि पतपेढीतली ओळ आठवली.
का लिहिली ते नाही. फक्त ओळ.
तिथूनच, एका हातानं, मृण्मयीला लिहिलं:
ती ओळ काढू नकोस.
तेविसाव्या मिनिटाला तिचं उत्तर आलं:
"सर, कालच काढली. काही झालं नाही 🙂"
आणि खाली, वेगळ्या ओळीत,
"अजून."

तेवढ्यात साखळी हलली. खट्.
नवनाथ ओरडला, हात आत!
सिंहगडाचा टॉवर एकदम आडवा झाला.

रात्री वही काढली.
उंची लिहिली, कोन लिहिला, मिनिटं तेवीस.
गोळा आला. चांगला मोठा आला.
उतारामुळे की त्या एका शब्दामुळे
ते लिहायला रकाना नाही.
उद्या शुक्रवार. आखून घेईन.